विचारणं बरं दिसत नाही

आमच्या घरात कुणी कुणाला सरळ काही विचारत नाही. बोलणं भरपूर, विचारणं शून्य. शेजारी साखर मागायला जायचं असलं की आई आधी त्यांच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी करायची, मग गुडघ्याची, मग टाकीत पाणी आलं की नाही याची, आणि पदराखाली वाटी तशीच घेऊन परत यायची. थोड्या वेळाने त्या काकूच साखर घेऊन यायच्या, कारण पदराखालची वाटी त्यांनी बघितलेली असायची. भिलाईत, स्टील प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर दोनच्या आमच्या सडकेवर हा कारभार वर्षानुवर्षं छान चालला. तिथले बहुतेक सगळे भंडारा-नागपूरकडून प्लांटच्या नोकरीसाठी आलेले, आणि सगळ्यांनाच पदराखालची वाटी दिसायची. अडचण आली ती कॉलनीबाहेरच्या सुपेला बाजाराशी गाठ पडल्यावर.

सुपेल्याच्या बाजारामागे एक वर्कशॉप होतं. प्लांटला लागणारे रोलर, ब्रॅकेट, असलं काय काय तिथं बनायचं. त्यांना कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणारं माणूस हवं होतं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून घरी बसले होते. ई-मेलने अर्ज पाठवला आणि वाट बघत राहिले. काहीच आलं नाही. ना हो, ना नाही.

बाबा तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. क्वार्टर सोडून आम्ही भिलाईच्याच कडेला कुरुदला बांधलेल्या घरात राहायला आलो होतो, आणि पुण्यातल्या दादाने फर्मान काढलं होतं की दिवाळीपर्यंत भिलाईत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर हिने पुण्याला माझ्याकडे यायचं. मला जायचं नव्हतं. आई-बाबा दोघंच उरतील, असं कारण मी सगळ्यांना सांगायचे आणि ते खरंही होतं. पण त्याहून खरं कारण सांगून टाकते. पुण्याला गेलं की दादाचे मित्र मला म्हणायचे, "बोल ना काहीतरी तुमच्याकडचं." मी म्हणायचे, "मले भूक लागली." की टाळ्या. माझ्या भुकेला जिथे टाळ्या पडतात त्या गावात मी आयुष्य काढणार नव्हते.

दादा फोनवर म्हणाला, "अगं, फॉलो-अप कर. दोन ओळींचा मेल टाक. काय झालं माझ्या अर्जाचं, एवढंच विचार." पुण्यात राहून तो असा रोखठोक झाला होता.

मी दोन ओळी लिहिल्या. बाबांनी चष्मा लावून त्या वाचल्या आणि मान हलवली.

"हे का लिवलं? 'मेरे आवेदन का क्या हुआ?' कावून वं, तो का आपला नोकर होय का?"

बाबा प्लांटच्या सेफ्टी डिपार्टमेंटला होते. हेल्मेट घाल, बेल्ट लाव, तिथून उतर, असं लोकांवर ओरडण्याचा पगार त्यांनी आयुष्यभर घेतला. ड्यूटीवर सगळा आवाज खर्च होत असेल म्हणून की काय, घरी येईपर्यंत ते इतके मऊ व्हायचे की भाजीवाल्याला भावसुद्धा विचारायचे नाहीत. तो देईल ती भाजी, तो म्हणेल तो भाव.

मग आम्ही दोघांनी मिळून मेल सुधारला. आरंभी सविनय नमस्कार घातला. आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमा मागितली. पाऊस यंदा बरा आहे असं लिहिलं. हरेली दोन दिवसांवर आली होती. श्रावणातला हा इथला मोठा सण, त्यात अवजारांची पूजा करतात. बाबा म्हणाले, वर्कशॉपवाला माणूस आहे, त्याले बरं वाटन. म्हणून हरेलीच्या शुभेच्छाही घातल्या. शेवटी पाहिलं तर मेल तीन परिच्छेदांचा झाला होता आणि त्यात एकही प्रश्न उरला नव्हता. अर्ज हा शब्दही कुठे सापडेना. तो बाबांनी "जरा टोचते" म्हणून काढला होता.

उत्तर तासाभरात आलं. "सेम टू यू जी. हैप्पी हरेली." पुढे हात जोडल्याचं चित्र.

"पाह्य, आलं ना उत्तर!" बाबांनी आईला हाक मारून दाखवलं. "माणूस चांगला आहे."

माणूस चांगला होता यात शंका नव्हती. मला नोकरी हवी होती.

मी म्हटलं, आता फोनच करते. पण फोन करायचा कधी? सेक्टरमध्ये राहिलेल्या माणसाला हा प्रश्न साधा नसतो. आमच्या सडकेवर दर दोन घरांआड कुणीतरी नाइट शिफ्ट करून झोपलेलं असायचं. दुपारी बेल वाजवणं म्हणजे पाप. पोरांनी क्रिकेट खेळायचं ते कुजबुजत खेळायचं, आउट झाला तरी. सुपेल्याच्या मालकाच्या आयुष्यात शिफ्ट नव्हती, हे बाबांना पटेचना. सकाळी तो दुकान उघडत असेल, दुपारी जेवत असेल, जेवला की आडवा होत असेल, संध्याकाळी गिऱ्हाइकी, रात्री घरचा वेळ. असं करत करत त्यांनी दिवसातला एकूण एक तास कापून टाकला.

शेवटी कंटाळून मी मधल्याच एका वेळी नंबर लावला. बाबा शेजारी उभे. दोन रिंग झाल्या न झाल्या तोच म्हणाले, "बस, बस. याच्यावर वाजवनं बरं नाई दिसत." मी फोन ठेवला. लगेच उलट फोन आला. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला, आणि मला वाटलं आता विचारतील.

"नहीं जी, कुछ नहीं," बाबा म्हणाले. "गलती से लग गया था. आप आराम कीजिए."

मी त्या दिवशी जेवले नाही. निषेध म्हणून. कुणी विचारलंही नाही कावून म्हणून, विचारणार कोण?

मग सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा आली. भिलाईत हा दिवस म्हणजे दुसरी दिवाळीच. मशीन बंद, धुऊनपुसून रंगवलेली, झेंडूच्या माळा घातलेली. कुठल्याही वर्कशॉपचं दार उघडं. कुणीही आत जावं, मशीन पाहावं, द्रोणातून बुंदी खावी, पुढच्या वर्कशॉपात जावं. लहानपणी आम्ही एका सकाळीत इतकी बुंदी खायचो की दुपारी पोट धरून बसायचो.

"त्या दिवशी जाऊ," बाबा म्हणाले. "त्या दिवशी कोनी कोनाले हाकलत नाई. मालक दारातच उभा राहीन. त्यानं आपल्याले पाहालं, की त्याले आपोआप याद येईन."

आई म्हणाली, "अजी, पूजेले आपन?" आमच्या घरी देवपूजा नाही. रविवारी विहारात वंदना, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब.

"पूजेले नाई, मशीन पाहाले. नोकरीत असतानी नव्हतो का जात दरसाल?"

मी एकच अट घातली. बाबांनी तिथे गेल्यावर सेफ्टीचं एक अक्षर बोलायचं नाही. वर्कशॉप कसंही असो, वायर लोंबकळत असो, कुणी चपलेवर वेल्डिंग करत असो. बाबांनी शब्द दिला. आईने जरीकाठी साडी नेसली, बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आणि माझ्या अर्जाचा नम्र पाठपुरावा करायला आमचं अख्खं घर स्कूटी आणि ऑटो अशा दोन वाहनांनी निघालं.

मालक खरंच दारात उभा होता. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, कपाळभर टिळा. "आइए, आइए," म्हणून त्याने आम्हाला आत घेतलं, तसंच आमच्या मागच्या माणसालाही घेतलं. मागचा माणूस बुंदीसाठी आलेला रिक्षावाला होता. आम्ही लेथ मशीन पाहिलं, ड्रिल पाहिलं, पुन्हा लेथ पाहिलं. मालकाला याद काही आली नाही.

बाबा शब्दाला जागत होते, पण फार त्रासाने. उघड्या स्विच बोर्डसमोरून जाताना त्यांनी डोळे मिटून घेतले. जिन्याला कठडा नव्हता तिथं त्यांनी दोन्ही हातांनी आपलाच खिसा घट्ट धरला. मला त्यांची दया आली आणि अभिमानही वाटला.

मग आरती सुरू झाली. गर्दीने डोळे मिटले, हात जोडले. आई अदबीने खाली मान घालून उभी राहिली. बाबा मागे, हात पाठीशी बांधून. डोळे सताड उघडे असलेला त्या शेडमध्ये तो एकच माणूस होता. आणि त्या उघड्या डोळ्यांना कोपऱ्यात एक गॅसचा सिलेंडर दिसला. त्याला नवा कोरा रंग दिलेला, कुंकू लावलेलं, गळ्यात माळ, आणि डोक्यावर एक केळ ठेवून त्यात अगरबत्त्यांचा अख्खा जुडगा पेटवून खोचलेला.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. ओठ हलत होते. मी हळूच मान हलवली, नको, बाबा, नको.

"खाली करो!" बाबा ओरडले. "सब बाहर! भागो!"

तो आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. भट्टीच्या घरघरीच्या वर ऐकू जायला घडवलेला आवाज पत्र्याच्या शेडमध्ये फुटला. आरतीचं ताट घेऊन मालक पळाला. पंडितजी पळाले. बुंदीवाल्याने पातेलं सोडलं नाही, ते घेऊनच पळाला, म्हणून गर्दी त्याच्या मागे पळाली. अर्ध्या मिनिटात सगळे रस्त्यावर. सुपेल्याचा रस्ता तसाही माणसांनी ओसंडत असतो. त्यात आम्ही, घंटा वाजवत. ऑटो थांबले, मोटरसायकली थांबल्या, हॉर्न सुरू झाले. काही लोकांना वाटलं मिरवणूक आहे, ते सामील झाले. बाबा मधोमध उभे राहून डोकी मोजत होते आणि मालकाला विचारत होते, "आपके कितने आदमी हैं?" मालकाला काय माहीत! निम्मे बुंदीचे, निम्मे त्याचे, आणि आकडा वाढतच चाललेला.

तेवढ्यात आतून एक कामगार निवांत चालत आला. तो सिलेंडर त्याने खेळण्यासारखा कलता धरून रस्त्यापर्यंत फिरवत आणला होता. केळ अजून वरच होतं.

"अंकल जी," मालक धापा टाकत म्हणाला, "ये तो खाली है. सजावट के लिए रंगवाया है."

बाबांचा सगळा आवाज गेला. "माफ कीजिए," ते म्हणाले. "आदत है."

मालकाने पहिल्यांदाच आमच्याकडे नीट पाहिलं. आईच्या साडीकडे, बाबांच्या शर्टाकडे, माझ्याकडे. "आप लोग किसकी तरफ से आए हैं? कोई काम था?"

हाच तो क्षण. याच प्रश्नासाठी आम्ही हरेलीपासून खपत होतो. रस्ता थांबलेला, गर्दी ऐकतेय, मालक समोर.

"नहीं जी," बाबा म्हणाले. "ऐसे ही. दर्शन को."

आई म्हणाली, "मंडप बहुत अच्छा बना है."

आता उरले मी. मी तोंड उघडलं. शपथ घेऊन सांगते, जिभेवर अर्जच होता. पण मीही त्याच घरची. माझ्या तोंडून शब्द आले, "भैया, बूंदी और है क्या?"

घरी येताना ऑटोत आईच्या मांडीवर बुंदीची पिशवी होती. मालकाने चांगली किलोभर दिली होती, आणि "फिर आइए" म्हणत माझा नंबरही लिहून घेतला होता.

चार-पाच दिवसांनी माझा मोबाइल वाजला. मालकाचा नंबर. "हॅलो" म्हटलं, तर तो म्हणाला, "बेटा, जरा पापा को दीजिए."

त्याला बाबा हवे होते. प्लांटच्या कामासाठी त्याला सेफ्टीचा माणूस दाखवावा लागत होता, आणि इतक्या जोरात ओरडणारा माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता. सिलेंडर रिकामा होता हे खरं, पण गर्दी अर्ध्या मिनिटात बाहेर आली हेही खरं. सकाळचे तीन-चार तास येऊन बसा, म्हणाला. नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून बाबा हो म्हणाले. माळ्यावरचं हेल्मेट खाली आलं.

म्हणजे अर्ज माझा, पाठपुरावा माझा, आणि नोकरी लागली बाबांना. दादा फोनवर इतका हसला की त्याला ठसका लागला. मी हसले नाही. पण मनात म्हटलं, चला, आपला माणूस आत गेला.

पहिल्या दिवशी बाबा परत आले तशी मी दारातच गाठलं. "इचारलं का?"

"अवो, आजच तं गेलो. इतक्यात इचारनं बरं नाई दिसत."

दुसऱ्या आठवड्यात मालकाला सर्दी झाली होती. आजारी माणसाला काय विचारायचं? तिसऱ्या आठवड्यात बाबा म्हणाले, "आता तं बिलकुलच नाई. माह्यावर लय इश्वास बसला त्याचा. आता इचारलं तं त्याले वाटन, हा यासाठीच आला होता."

"मग आपण कशासाठी गेलो होतो?" मी ओरडले.

बाबा पेपर वाचायला लागले. तिकडे दादाने माझं पुण्याचं तिकीट काढलं. आईने माझ्या बॅगेत चकल्या भरायला घेतल्या, आणि भरता भरता नाक ओढत राहिली. कावून रडते, हे मी तिला विचारलं नाही. मला माहीत होतं, आणि विचारलं असतं तर मीही रडले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता मी सुपेल्याला गेले. मालक टेबलाशी होता. समोरच्या खुर्चीत बाबा, मांडीवर हेल्मेट. दोघांच्या पुढ्यात चहा. मला पाहून बाबा अर्धे उठले.

मी वाक्य पाठ करून गेले होते. "सर, जुलै में मैंने ड्रॉइंग के काम के लिए अप्लाय किया था. उसका क्या हुआ?"

पाहा, किती छोटं वाक्य. आकाश कोसळलं नाही. मालकाने मात्र मान खाली घातली आणि कपातली साय बोटाने बाजूला करत बसला.

"बेटा, वो जगह तो तभी भर गई थी," तो शेवटी म्हणाला. "भांजे को रख लिया."

"तो बताया क्यों नहीं?"

"आपने इतने प्यार से हरेली की बधाई भेजी," तो म्हणाला. त्याचा चेहरा खरंच पडला होता. "उसके जवाब में मना कैसे लिखता? अच्छा नहीं लगता. फिर उस दिन जो नंबर लिखवाया, वो आपकी अर्ज़ी वाला ही निकला, और अंकल आने लगे. रोज सोचता हूँ, आज बता दूँगा. रोज चाय आ जाती है."

मी बाबांकडे पाहिलं. म्हणजे रोज सकाळी हे दोघं या टेबलाशी समोरासमोर बसत होते. एकाला विचारायचं होतं, दुसऱ्याला सांगायचं होतं, आणि दोघं मिळून पाऊस कसा झाला यावर बोलत होते. हसण्यासारखंच होतं ते. मला मात्र रडू कोसळलं. सगळ्यांसमोर, लेथवरची माणसं थांबून बघत असताना, लहान पोरीसारखं.

बाबा उभे राहिले. हेल्मेट टेबलावर ठेवलं.

"सेठजी," ते म्हणाले. "मेरी लड़की को काम चाहिए. यहाँ नहीं है, तो जिसके पास है उसको पूछिए."

मालक गडबडला. "हाँ, हाँ, अंकल. कुरुद की तरफ एक पहचानवाले की शेड है. शाम को फोन करके देखता हूँ."

"शाम को नहीं. अभी."

तो सेफ्टीचा आवाज नव्हता. अगदी बारीक होता, आणि शेवटच्या शब्दावर चिरकला. मालकाने फोन लावला. पलीकडे लाइन बिझी होती. "अंकल, बैठिए तो," तो म्हणाला. बाबा बसले नाहीत. फोन पुन्हा लावला, पुन्हा बिझी. बाबा टेबलाची कड धरून उभेच. मला वाटलं म्हणावं, राहू द्या बाबा, जाते मी पुण्याला. पण म्हटलं नाही.

तिसऱ्यांदा लागला. मालकाने थोडक्यात सांगितलं. त्या कुरुदच्या शेडमध्ये मी आजही काम करते, पण ते तेव्हा ठाऊक नव्हतं. तेव्हा फक्त फोनमधून येणारी खरखर ऐकू येत होती. मालकाने फोनवर हात ठेवला आणि बाबांना विचारलं, "पूछ रहा है, काम कैसा है लड़की का?"

मला वाटलं, आता हे नेहमीसारखं म्हणतील, ठीक आहे जी, शिकून घेईल.

"ड्रॉइंग बहुत अच्छी बनाती है," बाबा म्हणाले. "मैंने प्लांट में बहुत देखी हैं. इतनी साफ कोई नहीं बनाता."

माझं काम बाबांना इतकं आवडतं, हे मला माहीतच नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.